पोळ्यातले एकच उभे घर

सातेरी माशीचे पोळे उजेडाकडे धरले की आधी नजरेत भरते ती शिस्त. एकाला एक लागून षट्कोनी घरे, दोन शेजाऱ्यांत मिळून एक भिंत, सगळी घरे आडवी आणि तोंडाशी किंचित वर उचललेली. मेण तयार करायला माश्यांना भरपूर मध खर्ची घालावा लागतो, म्हणून कुठे एक पापुद्राही जास्तीचा नाही. एवढ्या काटकसरीच्या बांधकामात पोळ्याच्या खालच्या कडेला एखादे घर असे लोंबत असते की त्याने यातला एकही नियम पाळलेला नसतो. ते गोल असते, त्याच्या भिंतीत कुणाचा वाटा नसतो, मेण सढळ हाताने वापरलेले असते आणि तोंड थेट जमिनीकडे असते. आकार भुईमुगाच्या शेंगेचा, पाठही तशीच खडबडीत. हे राणीघर. आतून राणी बाहेर पडली की त्याचे काम संपले. मग कामकरी माश्या ते कुरतडून टाकतात आणि मेण दुसरीकडे लावतात. ज्या वसाहतीत प्रत्येक घर पुन्हा पुन्हा वापरले जाते, तिथे एवढे एकच घर एका जिवासाठी बांधायचे आणि मोडायचे.

या घराच्या आधाराने मधपाळ एका पेटीच्या दोन पेट्या करतात. माहितीपुस्तिकांत हे विभाजन अर्ध्या पानात उरकते: राणीघर असलेली चौकट घ्या, माश्यांनी भरलेल्या दोन चौकटी सोबत द्या, मधाची एक द्या, झाले. त्यात चूक काही नाही. पण गाण्याची नुसती स्वरलिपी वाचून गाणे कळत नाही, तसे त्या अर्ध्या पानावरून या कामातली गोडी कळत नाही. नवी राणी करायचे माश्यांनी आधीच ठरवलेले असते. का ठरवले, कधी ठरवले आणि कितपत मनापासून, हे सगळे त्या घराच्या जागेत, संख्येत आणि टोकाच्या रंगात उमटलेले असते. ते वाचता आले तर हाताने करायचे काम फारच थोडे उरते.

सुरुवात वाटीपासून करावी. पोळ्याच्या कडेला मेणाच्या लहान लहान वाट्या बहुतेक वसाहतींत दिसतात. त्या रिकाम्या असतील तर त्यांना काही अर्थ नाही. माश्या बांधतात आणि तशाच ठेवतात. नवखा मधपाळ त्या पाहून धावपळ करतो, जाणता चौकट परत ठेवून देतो. वाटीच्या काठावर ताजे फिकट मेण चढलेले दिसले, आत एक अंडे उभे दिसले किंवा दुधट राजान्नात, म्हणजे राणीच्या अळीच्या खाद्यात, टेकलेली बारीक अळी दिसली, की तिथून गोष्ट सुरू झाली असे समजावे.

त्यानंतर पाहायची ती जागा. राणीघर दिसले म्हणजे वसाहत फुटणार, जुनी राणी थवा घेऊन निघणार, असे सरसकट मानणारे पुष्कळ भेटतात. खरे तर माश्या तीन निरनिराळ्या प्रसंगी राणीघरे बांधतात. पेटी माश्यांनी गच्च झाली, बाहेर फुलोरा आहे, पराग भरभरून येतो आहे, अशा सुबत्तेत बांधलेली राणीघरे बहुधा पोळ्यांच्या खालच्या आणि बाजूच्या कडांना असतात. ती पुष्कळ असतात, आणि एका वयाची नसतात: एकाचे तोंड बंद झालेले, दुसऱ्यात वाढती अळी, तिसऱ्यात नुकतेच घातलेले अंडे. ही वसाहत घाईत नाही. एक राणी काही कारणाने वाया गेली तरी मागून दुसरी येत राहील, अशी तरतूद तिने केलेली असते. विभाजनाला हीच घरे उत्तम.

राणी म्हातारी झाली, तिची अंडी कमी पडू लागली, तर माश्या तिला न हुसकता शांतपणे बदलतात. तेव्हा पोळ्याच्या मधल्या भागावर एखाददुसरे, फार तर तीन राणीघरे दिसतात. अशी पेटी मी फोडणार नाही. ती दुरुस्ती चालू असलेली वसाहत आहे. तिला तिचे काम करू द्यावे.

तिसरा प्रसंग संकटाचा. राणी अचानक नाहीशी होते, कधी चौकट परत ठेवताना चिरडून. वाटीत अंडे घालायला आता कुणी नाही. अशा वेळी माश्या कामकरी माशीच्या आडव्या घरातली एखादी कोवळी अळी निवडतात, आजूबाजूच्या भिंती पाडतात, राजान्न भरतात आणि ते आडवे घर बाहेर ओढून खाली वळवतात. म्हणून संकटातले राणीघर पोळ्याच्या पोटातून निघून मग खाली झुकलेले दिसते, आणि ती सगळी घरे जवळजवळ एका वयाची असतात. त्या वळणापाशी नेहमी थांबून बघावेसे वाटते. आडव्या घरात जन्मलेला, कामकरी होण्यासाठी घातला गेलेला एक जीव वाटेत दुसरीकडे वळवला गेला, त्याची ती खूण असते.

हे वळण प्रयोगाने दिसून आले ते १७६०च्या दशकात. सॅक्सनीच्या लुसाटिया भागात अॅडम गॉटलोब शिराख नावाचा पाद्री मधमाश्या पाळत असे. राणीचे अंडे मुळातच वेगळे असते, अशी त्या काळची समजूत. शिराखने लहान पेट्यांत थोड्या कामकरी माश्या आणि कामकऱ्यांच्या अळ्या असलेले पोळ्याचे तुकडे बंद करून ठेवले, आणि त्यांतून राण्या निघाल्या. आजच्या विभाजनाचा आधार या छोट्या पेट्यांत दिसला. जिनिव्हाच्या फ्रान्स्वा ह्यूबरने पुढे ही गोष्ट पक्की केली. ह्यूबर आंधळा होता. त्याचा सेवक फ्रान्स्वा ब्युर्नां बघत असे, ह्यूबर विचारत असे, आणि दोघे मिळून ठरवत असत. एका बाजूला बिजागरीने जोडलेल्या, एकेक करून उघडता येणाऱ्या चौकटींची पेटी त्याने यासाठीच करवून घेतली होती. १७९२ साली छापलेल्या त्याच्या निरीक्षणांतली राणीविषयीची पाने आजही मधपाळाने वाचावीत अशी आहेत. राणीघर नीट पाहायला शिकवणारा पहिला माणूस स्वतः पाहू शकत नव्हता, याचे मला फार अप्रूप वाटते.

जागेनंतर वय. युरोपीय मेलिफेरा माशीत अंडे घातल्यापासून राणी १६ दिवसांत बाहेर येते, कामकरी २१ आणि नर २४. आपल्या सातेरीत राणीचा काळ साधारण तेवढाच, क्वचित एखादा दिवस कमी. वसाहतीतली सगळ्यात लांब माशी सगळ्यात कमी दिवसांत तयार होते, कारण अळीपणाचा सगळा काळ तिला राजान्नात ठेवले जाते. आठव्या-नवव्या दिवशी घराचे तोंड बंद होते. फुटणाऱ्या वसाहतीत पहिले राणीघर बंद होण्याच्या सुमारास जुनी राणी थवा घेऊन निघून गेलेली असू शकते. म्हणून बंद राणीघर दिसले की मधपाळाने आधी ताजी अंडी शोधावीत. पहिल्या दिवसाचे अंडे घराच्या तळाशी उभे असते, तिसऱ्या दिवसापर्यंत आडवे होते. उभे अंडे सापडले तर राणी कालपर्यंत इथे होती. ते नसेल तर ज्या पेटीचे आपण दोन भाग करायला निघालो, तिचे अर्धे माणूस आधीच गेले असण्याची शक्यता धरावी.

आता टोक. राणीघराच्या रसग्रहणात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही जागा. घर बंद झाल्यावर पहिले काही दिवस टोकही बाकीच्या भिंतीसारखेच मेणाचे असते. आतली राणी तयार होत आली की कामकरी माश्या टोकावरचे मेण कुरतडून काढतात आणि आतला रेशमी कोष उघडा पडतो. टोक तपकिरी, कोरडे, जरा चरबरीत दिसू लागते. राणी एक-दोन दिवसांत येणार, हे याहून स्पष्ट शब्दांत कुणी सांगू शकणार नाही. असे पिकलेले राणीघर हलक्या हाताने उन्हाकडे धरले तर आतली हालचालही दिसते. मात्र त्याआधीच्या दिवसांत हे घर फार नाजूक असते. कोषातल्या राणीचे पंख तयार होत असतात, तेव्हा चौकट झटकली किंवा उलटी धरली तर राणी लुळ्या पंखांची निघते, आणि उडू न शकणाऱ्या राणीचे मीलन होत नाही. राणीघर असलेल्या चौकटीवरच्या माश्या ब्रशने किंवा गवताच्या जुडीने सारायच्या, झटकायच्या कधीही नाहीत. या कामात निरपवाद असा नियम हा एकच.

राणी बाहेर पडते तेव्हा टोकाची टोपी आतून गोल कापते. बहुधा ती टोपी एका बाजूला चिकटून लोंबत राहते. अशी नीट कापलेली टोपी म्हणजे राणी सुखरूप निघाली. टोक शाबूत आणि घराच्या बाजूला भोक असेल तर वेगळेच घडलेले असते. आधी निघालेल्या राणीने किंवा कामकऱ्यांनी बाजूने भिंत फोडून आतल्या राणीचा शेवट केलेला असतो. बाजूच का, याचा धागा ह्यूबरकडे मिळतो. कामकरी अळी स्वतःभोवती पुरा कोष विणते. राणीची अळी मात्र डोक्याकडचा भाग विणते आणि पोटाचा मागचा भाग उघडा ठेवते, हे त्याला आढळले. प्रतिस्पर्धी राणीची नांगी तिथेच पोचते. वसाहतीत शेवटी एकच राणी राहावी याची सोय कोषाच्या विणीतच झालेली आहे, असा अर्थ त्याने लावला. ही गोष्ट कठोर आहे, आणि तिच्यातली रचना थक्क करणारी आहे.

कधी लोंबणारी टोपी परत मिटते. उरलेले राजान्न चाटायला आत शिरलेली कामकरी माशी त्यात कोंडली जाते, आणि घर न उघडल्यासारखे दिसते. अशा घरावर विसंबून नवी पेटी करणारा रिकाम्या घराची वाट पाहत बसतो. टोपीच्या कडेने नखाएवढी फट आहे का, हे म्हणूनच बघून घ्यावे.

एवढे वाचून झाले की विभाजन म्हणजे थोड्याच वेळाचे काम. मला आवडणारी रीत अशी: जुन्या राणीला उचलून नव्या पेटीत न्यावे आणि राणीघरे जुन्या जागी ठेवावीत. निसर्गात हेच घडते. थवा घेऊन घर सोडते ती आई. बांधलेली पोळी, भरलेला मध, बाहेरची ओळखीची वाट हे सगळे लेकीला मिळते. जुन्या राणीसोबत बंद कोशांच्या दोन चौकटी, मध-परागाची एक, आणि चौकट झटकून जास्तीच्या कोवळ्या माश्या द्याव्यात. अर्थात झटकायची ती चौकट राणीघर नसलेली. फुलांवर जाणाऱ्या जाणत्या माश्या जुन्या जागी परततात, म्हणून नवी पेटी पहिले काही दिवस रोडावलेली दिसते. पिल्लांना भरवणाऱ्या कोवळ्या माश्या अजून बाहेर गेलेल्या नसतात, त्या राहतात. नवी पेटी त्याच आवारात ठेवायची असेल तर दारात ओले गवत सैलसर कोंबायची जुनी रीत आहे. गवत वाळून सैल होईपर्यंत माश्यांना बाहेर पडायला कष्ट पडतात, आणि बाहेर पडताना त्या नव्या जागेची नीट ओळख करून घेतात.

ज्यांना राणीघरच नव्या पेटीत न्यायचे असते, त्यांनी ते पोळ्याच्या बोटभर तुकड्यासकट कापून दोन पिलाव्याच्या पोळ्यांमध्ये, टोक खाली राहील असे बसवावे. पिल्लांच्या जागी माश्या ३४-३५ अंश ऊब राखतात. कडेच्या चौकटीवर, विशेषतः महाबळेश्वरकडच्या थंड रात्रींत, ती ऊब पोचत नाही आणि राणी आतच मरते. घराच्या बाजूंना पातळ पत्रा किंवा कागदी चिकटपट्टी गुंडाळून टोक तेवढे मोकळे ठेवतात, तेही याच वाचनातून आलेले. माश्या परके घर फोडतात ते बाजूने.

जुन्या जागी राणीघरे किती ठेवायची, हा खरा कसोटीचा भाग. दहा-बारा घरे तशीच ठेवली तर पहिली राणी निघाल्यावर वसाहत पुन्हा फुटते, मग पुन्हा, आणि शेवटी मूठभर माश्या उरतात. एक ठेवले आणि ते फसले तर सगळेच गेले. जवळजवळ एका वयाची, लांब, भरदार, पाठीवर खड्ड्यांची दाट नक्षी असलेली दोन घरे ठेवावीत, हा माझा कौल. माश्यांनी ज्या घरावर वारंवार काम केलेले असते त्याच्या पाठीवर ही नक्षी उठते. गुळगुळीत, आखूड घर त्यांनीच मनावर घेतलेले नसते. उरलेल्या चांगल्या घरांच्या आणखी दोन-तीन पेट्या करण्याचा मोह होतो. पण सातेरीची वसाहत लहान असते. चार दुबळ्या पेट्यांत पोळी झाकायलाच माश्या पुरत नाहीत, तिथे मेणकिडा शिरतो, आणि उरलेल्या माश्या पेटी सोडून जातात.

मेलिफेराच्या पेटीत अनेक राणीघरे राहिली असली तर संध्याकाळी पेटीला कान लावावा. पहिली निघालेली राणी छाती पोळ्याला टेकवून उडण्याचे स्नायू थरथरवते आणि एक लांब, मग अनेक आखूड सूर उमटतात. घरांत कोंडलेल्या राण्या आतून तुटक सुरांनी उत्तर देतात. बाहेर एक राणी फिरत असताना आतल्या राण्यांना कामकरी माश्या बाहेर येऊ देत नाहीत, फटीतून भरवतात. विभाजन नीट केले, घरे मोजकी ठेवली, की हे ऐकायची संधी जाते. चांगल्या कामाची एवढी किंमत द्यावी लागते.

त्यानंतरचा भाग मधपाळाच्या हातातला नाही, आणि म्हणूनच तो अवघड. राणी निघाली तरी ती अजून राणी नाही. पाच-सहा दिवसांनी, दुपारच्या उन्हात ती उडते, मोकळ्या आकाशात नरांच्या थव्यांपाशी जाते आणि एकाच नव्हे, दहा-वीस नरांशी तिचे मीलन होते. तेवढ्या काही दिवसांत मिळालेले वीर्य ती पोटात साठवून आयुष्यभर पुरवते. याचा अर्थ, राणीघर वाचताना नराचे घरही वाचायला हवे होते. सातेरीत ते चटकन ओळखू येते. नराच्या बंद घराची टोपी उंच, टणक असते आणि तिच्या मधोमध टाचणीने टोचल्यासारखे एक बारीक भोक असते; मेलिफेरात हे भोक नसते. अशी सच्छिद्र घरे परिसरातल्या पेट्यांत नसतील, पिकलेले नर उडत नसतील, तर उत्तम राणीघराची उत्तम पेटी करूनही फळ मिळणार नाही.

या दिवसांत पेटी उघडू नये. राणी बाहेर गेलेली असताना चौकटी हलल्या की परतीची खूण बिघडते, आणि सातेरी तर मुळातच बिथरणारी. जरा जास्त धूर झाला की पोळे सोडून कोपऱ्यात गोळा होऊन लटकते. दारापाशी बसून बघावे. पायांना परागाच्या गोळ्या लावून माश्या निमूट आत जात असतील तर आत पिल्लांची चाहूल आहे. राणी निघाल्यापासून दोन-तीन आठवड्यांनी उघडावे, एका चौकटीवर, प्रत्येक घराच्या तळाशी मधोमध एकेक अंडे दिसले की बंद करावे. एका घरात तीन-चार अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, दिसली तर राणी परतलेली नाही आणि कामकरी माश्या अंडी घालू लागल्या आहेत. त्यांतून फक्त नर निघतात.

सातेरीसाठी राणीघरावरचेच विभाजन श्रेष्ठ, असे मी म्हणतो ते याच कारणाने. मेलिफेराची पेटी दोन भाग करून सोडून दिली, बिनराणीच्या भागाने संकटातली राणी वाढवली, तरी बहुधा निभते. सातेरीच्या कामकरी माश्या बिनराणीच्या अवस्थेत फार लवकर अंडी घालू लागतात, आणि निराश वसाहत घर सोडून जायला वेळ लावत नाही. पिकलेले राणीघर दिले की हे धोक्याचे दिवस बरेच कमी होतात. शिवाय सुबत्तेत, भरपूर भरवणाऱ्या माश्यांच्या हाताखाली वाढलेली राणी संकटात घाईने निवडलेल्या अळीपेक्षा बहुधा सकस असते. बाहेर पडल्यावर राणीघराच्या तळाशी वाळलेल्या राजान्नाचा थर उरलेला असेल तर तिला खायला कमी पडले नव्हते हे कळते.

या रीतीला एक दोष आहे आणि तो मोठा आहे. आपोआप आलेली राणीघरे वापरत गेलो तर फुटण्याची ओढ जिच्यात जास्त तिचीच लेकरे वाढतात. न्यूयॉर्क राज्यातल्या जी. एम. डूलिटल यांनी १८८९ साली राणीपैदाशीवरच्या पुस्तकात मेणाच्या वाट्या करून त्यांत निवडलेल्या वसाहतीची कोवळी अळी ठेवण्याची रीत मांडली, तिचे मोल इथे आहे. मोठ्या प्रमाणावर राण्या करणाऱ्यांनी तीच वापरावी. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर दहा-वीस पेट्या सांभाळणाऱ्या मधपाळाला मात्र तेवढा पसारा लागत नाही. २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झालेल्या मांघरसारख्या ठिकाणी शेजारीपाजारी पेट्या असतात. शांत, भरपूर मध देणारी, पेटी न सोडणारी वसाहत कुणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. तिच्यात राणीघरे येतील तेव्हा बोटभर पोळ्यासकट ती मागून आणावीत, आणि आपल्या चंचल वसाहतीची घरे मोडून तिथे बसवावीत.

नवी राणी आल्यावर तिच्या पेटीतल्या माश्या बरेच दिवस जुन्या राणीच्याच असतात. त्या संपून सगळी वसाहत नव्या राणीची व्हायला दोनेक महिने लागतात. तोवर त्या पेटीला चांगली किंवा वाईट म्हणू नका.